स्टिरिओ बदलला आणि बॅटरी उतरू लागली

बाबांच्या मानेचं दुखणं जुनं आहे. गाडी मागे घेताना त्यांना वळून बघता येत नाही, आणि आमच्या पार्किंगमध्ये एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला पाण्याचे पाइप. रिव्हर्स कॅमेरा लावायचा तर चित्र दिसायला पडदा हवा. म्हणून २०१२ सालच्या त्या हॅचबॅकमधला कंपनीचा साधा रेडिओ काढला आणि त्या जागी नऊ इंचांचा अँड्रॉइड स्टिरिओ बसवून घेतला. दुकानात एका दुपारी काम उरकलं. कॅमेरा दिसला, चारही स्पीकर वाजले, फोन ब्लूटूथला जोडला गेला. त्या संध्याकाळी बाबांनी खांबाला न घासता एका दमात गाडी मागे घेतली.

त्रास नंतर सुरू झाला, तोही एकेक करून. रात्री हेडलाइट लावल्यावर डॅशबोर्डवरच्या मीटरचे दिवे डोळ्यांवर येतात म्हणून बाबा डिमरचं चाक फिरवून ते मंद करत असत. आता चाक कितीही फिरवलं तरी दिवे तसेच लख्ख. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा आणि इंजिनाच्या वेगाबरोबर चढायचा. इंजिन बंद ठेवून गाणी ऐकत बसलं आणि आवाज वाढवला, की स्टिरिओ आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू. कॅमेऱ्याच्या चित्रात मधूनच आडव्या रेषा. पुणे आकाशवाणीचं १०१ एफएम पूर्वी सिंहगड रस्त्यावर स्वच्छ लागायचं, त्यात खरखर. आणि मग एका मंगळवारी गाडीने सेल्फच घेतला नाही. शनिवारी फिरवून आणलेली, तेव्हापासून जागची हललेली नव्हती. किल्ली फिरवली की नुसतं टक-टक.

दुकानदाराचं म्हणणं, "बॅटरी जुनी झालीय, बदलून टाका. बाकीचं सेटिंगचं आहे." शेजारच्या काकांचं म्हणणं, अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं यंत्र, गेला असणार. दोघांचंही खरं असू शकलं असतं. पण पाच-सहा हजारांची बॅटरी अंदाजाने बदलायची आणि ती नवी बॅटरीही तशीच उतरली तर काय, हा प्रश्न मला सोडत नव्हता. तपकीर गल्लीतून बरा मल्टिमीटर आणला. १० अँपिअरपर्यंत करंट मोजता येईल असा हवा, एवढीच माझी अट होती.

पहिली तपासणी बॅटरीची. ती आधी बाहेर काढून चार्जरवर रात्रभर सावकाश भरली. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी साडेतीन अँपिअरने भरली तर दहा-बारा तास लागतात, आणि घाई न केलेली बरी. भरल्यावर लगेच मोजू नये. काही तास तशीच ठेवून मग मीटर लावावा, नाहीतर चार्जिंगचा उसना व्होल्टेज दिसतो. दुसऱ्या दिवशी १२.६ व्होल्ट. १२.६ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी, असा हिशेब. मग बाबांना म्हटलं, "तुम्ही सेल्फ मारा, मी मीटर बघतो." सेल्फ फिरत असताना आकडा १०.३ पर्यंत खाली आला. साडेनऊच्या खाली गेला असता तर बॅटरीवर शंका घ्यायला जागा होती. इंजिन सुरू झाल्यावर १४.२. अल्टरनेटर १३.८ ते १४.४ च्या दरम्यान देत असेल तर तो त्याचं काम करतोय. म्हणजे बॅटरी बरी, चार्जिंगही बरं. उभ्या गाडीतच कुठेतरी करंट जात होता.

हे मोजण्याची पद्धत सोपी आहे, पण तिला पथ्यं आहेत. किल्ली काढून लांब ठेवली. ड्रायव्हरच्या दाराची काच खाली केली, दार उघडंच ठेवलं आणि त्याचं कुलूप स्क्रू ड्रायव्हरने दाबून बंद केलं, म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटतं आणि आतला दिवा विझतो. बॉनेट उघडं. मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात. मग बॅटरीच्या मायनस खांबाला मीटरची एक वायर आणि मायनसच्या केबलला दुसरी, असं आधी जोडून घेतलं आणि त्यानंतरच १० नंबरच्या पान्याने टर्मिनल सैल करून वर उचललं. असं केलं की करंट क्षणभरही तुटत नाही आणि गाडीतले कंट्रोल युनिट पुन्हा जागे होत नाहीत. मीटर असा जोडलेला असताना किल्ली फिरवायची नाही, सेल्फ तर मुळीच मारायचा नाही. शेकडो अँपिअर त्या पातळ वायरीतून जाऊ बघतील आणि मीटरचा फ्यूज जाईल.

आकडा आधी दोनच्या वर होता. तो बघून घाबरायचं कारण नाही, गाडी निजायला वेळ घेते. काही गाड्यांना पाच मिनिटं पुरतात, काहींना अर्धा-पाऊण तास लागतो. मी खुर्ची टाकून बसलो. आकडा पायऱ्या उतरावा तसा खाली आला आणि ०.३६ वर येऊन थांबला. चहा झाला, पेपर वाचून झाला, तरी ०.३६.

निजलेल्या गाडीने ०.०५ अँपिअरपेक्षा जास्त घेऊ नये. ०.३६ ऐकायला किरकोळ वाटतं, पण शनिवार रात्रीपासून मंगळवार सकाळपर्यंतचे साठ तास धरले तर २१ अँपिअर-तासांहून जास्त होतात. ३५ मधून २१ गेले तर उरलेल्यात सेल्फ कसा फिरणार? माझा अंदाज इथे पक्का झाला. ज्या बॅटरीला दोष दिला जात होता ती दर आठवड्याला उपाशी ठेवली जात होती. शिसं-आम्लाची बॅटरी अशी वारंवार रिकामी राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो, आणि मग ती खरोखरच कामातून जाते. आणखी महिनाभराने दुकानदाराचं म्हणणं खरं ठरलं असतं, फक्त कारण दुसरंच असतं.

०.३६ नेमका कुठे जातोय हे शोधायला बहुतेक जण एकेक फ्यूज उपटून बघतात. त्यात अडचण अशी की फ्यूज परत बसवला की त्या लाइनवरचं युनिट जागं होतं आणि पुन्हा अर्धा तास बसायची वेळ येते. त्यापेक्षा चांगली युक्ती म्हणजे फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या पाठीवरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर मीटरच्या सुया टेकवायच्या आणि मिलिव्होल्ट मोजायचे. फ्यूजलाही थोडा रोध असतो. त्यातून करंट जात असेल तर दोन टोकांमध्ये मिलिव्होल्टचा फरक दिसतो, जात नसेल तर शून्य. डॅशबोर्डखाली मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात मी एकेक फ्यूज टेकवत गेलो. शून्य, शून्य, शून्य, आणि मग झाकणावर 'डोम' लिहिलेल्या फ्यूजवर एक मिलिव्होल्टच्या वर. बाकी सगळे कोरडे.

तिथेच दुसरी गोष्ट दिसली. झाकणावरच्या तक्त्यात त्या जागी १५ अँपिअर लिहिलं होतं. १५ चा फ्यूज निळा असतो. इथे पिवळा होता, म्हणजे २० चा. स्टिरिओ बसवताना शॉर्ट होऊन मूळचा उडाला असावा आणि हाताशी होता तो घातला गेला असावा. यावर मला मनापासून सांगायचंय: फ्यूज उपकरणाच्या नव्हे, वायरीच्या मापाने ठरवलेला असतो. वायर जेवढं सोसेल त्याच्या आत तो उडावा, एवढंच त्याचं काम. मोठा फ्यूज घातला की फ्यूजऐवजी वायर तापते, आणि डॅशबोर्डमागची वायर तापली तर ती प्लॅस्टिक आणि फोमच्या मधोमध तापते. निळा फ्यूज पाच-दहा रुपयांना मिळतो. तो मी तेव्हाच आणून ठेवला.

बहुतेक गाड्यांमध्ये या डोमच्या फ्यूजवरून बऱ्याच गोष्टी चालतात: केबिनचा दिवा, डिकीचा दिवा, घड्याळ आणि रेडिओची मेमरी. ही लाइन 'डायरेक्ट', म्हणजे किल्ली काढली तरी चालू. स्टिरिओची पिवळी वायर या डायरेक्टवर आणि लाल वायर किल्लीबरोबर येणाऱ्या एसीसीवर जोडायची, हा जगभरचा रिवाज. पिवळ्यावर स्टिरिओ जगतो, लालवरून त्याला उठायचं की झोपायचं ते कळतं. आमचा स्टिरिओ किल्ली काढल्यावर पडदा विझवत होता, म्हणजे लाल बरोबर होती. मग पिवळ्यातून एवढा करंट का?

उत्तर स्टिरिओच्या सेटिंगमध्ये सापडलं. अशा स्टिरिओत किल्ली काढल्यावर किती वेळ अर्धवट जागं राहायचं ते ठरवता येतं. पुन्हा किल्ली फिरवली की पडदा दोन सेकंदांत यावा, म्हणून ही सोय. आमच्यात ती तीन दिवसांवर होती. रोज ऑफिसला जाणाऱ्या माणसाला याचा काहीच त्रास नाही. आठवड्यातून एकदा गाडी काढणाऱ्या बाबांना मात्र ती नडत होती. सेटिंग 'लगेच बंद' वर नेलं. किल्ली काढून, दाराचं कुलूप दाबून, पुन्हा वाट बघितली. आकडा ०.३६ वरून ०.१३ वर आला. आता सकाळी पडदा यायला अर्धं मिनिट लागतं, पण रिव्हर्स टाकला तर कॅमेऱ्याचं चित्र अँड्रॉइडची वाट न बघता आधीच येतं, तेव्हा बाबांचं अडत नाही.

०.१३ अजूनही जास्तच होता. डिकी उघडली, आतल्या दिव्याचा बल्ब काढला. आकडा तसाच. मग नंबर प्लेटच्या वरच्या कॅमेऱ्याला सहज हात लागला आणि त्याची पाठ कोमट लागली. गाडी रात्रभर सावलीत उभी, सकाळची वेळ, आणि कॅमेरा कोमट! डिकीच्या पत्र्यामागचं अस्तर सोडवलं तर कॅमेऱ्याची पॉवर डिकीच्या दिव्याच्या वायरीवर पिळा मारून जोडलेली. जवळची वायर ती, म्हणून तिथे जोडली असणार. कॅमेरा चोवीस तास चालू होता आणि रात्रंदिवस अंधाऱ्या भिंतीचं चित्र पाठवत होता, जे कोणी बघत नव्हतं. ती वायर सोडवली आणि आकडा ०.०३ वर येऊन स्थिरावला.

कॅमेऱ्याची पॉवर मागच्या रिव्हर्सच्या दिव्यावरून घ्यायची असते. रिव्हर्स पडला की दिवा लागतो, दिव्याबरोबर कॅमेरा उठतो, गिअर काढला की दोन्ही बंद. नव्या काही गाड्यांत दिव्यांच्या बल्बला तुकड्या-तुकड्यांनी करंट दिला जातो. तिथे कॅमेरा लुकलुकतो आणि मध्ये रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, टाकावा लागतो. आमची गाडी त्याआधीची, तिथे सरळ जोडून काम झालं.

बॅटरीचं कोडं सुटलं. पण शिट्टी, डिमर, आपोआप बंद होणारा स्टिरिओ हे सगळं तसंच होतं. त्यासाठी स्टिरिओ बाहेर काढायला हवा होता, आणि डॅशबोर्डच्या त्या भागात मला एकट्याने हात घालायचा नव्हता. धायरीला एक जुने ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणतो. त्यांच्याकडे गाडी नेली.

"मामा, डिमर चालत नाही आणि स्पीकरमधून शिट्टी येते. दोन्ही स्टिरिओ बसवल्यापासून."

"दोन्ही एकाच दिवसापासून?"

"हो."

"मग दोन्हीचं मूळ एकच असणार. अर्थ बघू." अर्थ म्हणजे गाडीच्या लोखंडी बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे करंट परत जायची वाट.

त्यांनी बॅटरीचं टर्मिनल काढलं, थोडा वेळ जाऊ दिला आणि मगच पट्ट्या उचकटल्या. डॅशबोर्डच्या पोटात पिवळ्या नळीतून जाणाऱ्या वायरी असतात, त्या एअरबॅगच्या. "या पिवळ्याला हात लावायचा नाही, टेस्टर तर अजिबात नाही," एवढं त्यांनी मला आधीच बजावलं. टेस्टरचा छोटासा करंटही एअरबॅगला इशारा ठरू शकतो.

स्टिरिओ बाहेर आला आणि मागचा गुंता दिसला. कंपनीचा कपलर, म्हणजे वायरींचा एकत्र जोड, कापून टाकलेला. प्रत्येक वायर दोन बोटं छिलून, एकमेकींना पिळा मारून, वर काळी टेप. उन्हाने टेपचा चिकटा पाघळलेला, एक-दोन ठिकाणी टेप सुटून तांबं उघडं. निळी वायर नुसती गुंडाळून सोडून दिलेली. हा कपलर न कापता नवा स्टिरिओ बसवता येतो. गाडीच्या मॉडेलप्रमाणे तयार कपलर मिळतात, एका बाजूला गाडीचा सॉकेट आणि दुसऱ्या बाजूला स्टिरिओचा. तो घ्यायला सांगा, पैसे जास्त लागले तरी घ्या, असं आता मी प्रत्येकाला सांगतो.

मामांनी बॅटरी जोडली, स्टिरिओ बाहेर लटकत ठेवूनच चालू केला आणि टेस्टिंगचा बल्ब काढला. क्लिप प्लसला, टोक स्टिरिओच्या काळ्या वायरीला. बल्ब लागला. "बघा, दुकानात हेच केलं असणार. बल्ब लागला म्हणजे अर्थ आहे. चूक नाही त्याची म्हणता येत. पण अर्थ आहे एवढंच कळलं, कसा आहे ते नाही कळलं. मीटर लावा तुमचा."

मीटरची काळी सुई थेट बॅटरीच्या मायनसला, लांब वायर लावून. लाल सुई स्टिरिओच्या काळ्या वायरीवर. खरं तर ही दोन्ही टोकं एकच असायला हवीत, तेव्हा मीटरने शून्याच्या जवळपास दाखवायला हवं, ०.१ पर्यंत चालून जातं. ०.३ आलं. मामांनी हेडलाइट लावले आणि डिमरचं चाक हळूहळू फिरवलं. मीटरवरचा आकडा चाकाबरोबर चढू लागला. ०.४, ०.६, ०.९. गाण्याचा आवाज वाढवला तर ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला आकडा १.४ पर्यंत उडी मारायचा. डिमरचा आणि स्टिरिओच्या अर्थचा काही संबंध असायचं कारणच नव्हतं, आणि तरी तो माझ्या डोळ्यांसमोर होता.

मामांनी कापलेल्या कपलरचं टोक उजेडात धरलं. त्यात दोन काळ्या वायरी होत्या. एक निव्वळ काळी आणि एक काळीवर पांढरी रेघ. स्टिरिओचा अर्थ रेघवालीला जोडला होता. या गाडीत डॅशबोर्डच्या दिव्यांना प्लस सरळ मिळतो आणि त्यांचा मायनस डिमरमधून फिरून बॉडीला जातो. ती परतीची वायर म्हणजे ही रेघवाली. डिमर पूर्ण उघडा असेल तर ती अर्थसारखीच वागते, म्हणून दुपारी दुकानात, डिमर पूर्ण उघडा असताना, सगळं सुरळीत चाललं आणि बल्बही लागला.

मग एकेक लक्षण आपल्या जागी जाऊन बसलं. डिमर कमी केला की स्टिरिओच्या करंटचा परतीचा रस्ता अडायचा, आणि तो करंट मिळेल त्या दुसऱ्या वाटेने बॉडीकडे जायचा: अँटेनाच्या केबलवरच्या जाळीतून आणि कॅमेऱ्याच्या व्हिडिओ केबलच्या जाळीतून. या जाळ्या सिग्नलचं रक्षण करायला असतात, स्टिरिओचा करंट वाहायला नव्हे. त्यातून अल्टरनेटरचा आवाज सिग्नलमध्ये मिसळून शिट्टी व्हायची, गाण्याच्या ठोक्यांनी कॅमेऱ्यात रेषा उमटायच्या. आणि दिव्यांनाही त्याच जाळ्यांमधून डिमर टाळून बॉडी गाठायची पळवाट मिळाली होती, म्हणून चाक फिरवूनही ते मंद होत नव्हते. डिमरवर मामांनी बोट ठेवायला लावलं, तो चांगलाच उबदार होता. आणखी काही महिन्यांत तो जळाला असता, आणि डिमर बदलून घेताना कोणाच्याही डोक्यात स्टिरिओ आला नसता.

प्लसच्या बाजूलाही तेच मोजलं. एक सुई बॅटरीच्या प्लसला, दुसरी स्टिरिओच्या पिवळ्याला, गाणं मोठ्याने चालू. ०.८ व्होल्ट. हा त्या पिळ्याच्या जोडाचा प्रताप. इंजिन बंद असताना बॅटरी १२.२ च्या आसपास, त्यातून प्लसला ०.८ गेले, अर्थला १.४ गेले, स्टिरिओच्या वाट्याला जेमतेम १० उरले. तो बंद पडून पुन्हा सुरू होत होता यात नवल नाही. इंजिन चालू असताना मुळातच १४ असायचे, म्हणून तेव्हा हे कधीच घडायचं नाही.

मामांची आणखी एक पद्धत मी उचलली. एलईडीच्या टेस्टरवर ते विश्वास ठेवत नाहीत. त्यांच्याकडे इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरी लावून तयार असतो. शंभर तारांपैकी दोनच तारा शाबूत असलेल्या वायरीतही मीटर बिनधास्त १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर जवळजवळ करंट घेतच नाही. २१ वॅटचा बल्ब मात्र पावणेदोन अँपिअर मागतो. जोड कच्चा असेल तर तो पिवळट, आजारी जळतो. कुठलीही वायर काम करत असतानाच तपासायची, हा धडा मी त्या दुपारी त्या बल्बकडे बघत घेतला.

जोडणी नव्याने करायला संध्याकाळ झाली. गाडीच्या मॉडेलचा कपलर बाजारातून आणला, कापलेल्या टोकांना एकेक वायर क्रिम्प करून, म्हणजे धातूच्या नळीत दाबून, डाग देऊन, वर तापवल्यावर आवळणारी श्रिंक ट्यूब. निव्वळ काळी अर्थला, त्याशिवाय स्टिरिओच्या पत्र्याच्या पाठीवरून एक जाड वायर डॅशबोर्डमागच्या लोखंडी दांडीला, रंग खरवडून बोल्टखाली. नारिंगी वायर पार्किंग लाइटच्या प्लसला, म्हणजे हेडलाइट लागले की पडदा आपोआप मंद होईल. निळी वायर छतावरच्या अँटेनाच्या बूस्टरला. तिच्यात स्टिरिओ चालू असताना १२ व्होल्ट येतात आणि ते मिळाले नाहीत तर बूस्टर झोपलेला राहतो. स्पीकरच्या आठ वायरी मामांनी परत तपासल्या. स्पीकरचा मायनस बॉडीला जोडायचा नसतो. आजच्या स्टिरिओंमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर साधारण सहा व्होल्ट असतात, त्यातली एक बॉडीला टेकली तर आतला अ‍ॅम्प्लिफायर जाऊ शकतो. ती चूक आमच्याकडे नव्हती, ते बरं.

पुन्हा मोजलं. अर्थच्या बाजूला ०.०३, प्लसच्या बाजूला ०.१. डिमर फिरवला तर डॅशबोर्डवरच्या मीटरचे दिवे मंद झाले आणि आकडा जागचा हलला नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबला, शिट्टी नाही.

मध्यंतरी मावसभावाला हे सगळं फोनवर सांगितलं, तेव्हा त्याची तक्रार निघाली: त्याच्या युरोपियन बनावटीच्या गाडीत नवा स्टिरिओ रोज सकाळी स्टेशनं आणि घड्याळ विसरतो. हे ऐकून मला फार शोधावं लागलं नाही. रेडिओच्या प्रमाणित कपलरमध्ये चौथी पिन डायरेक्टची आणि सातवी एसीसीची, पण काही युरोपियन गाड्यांत या दोन उलट असतात. त्यामुळे स्टिरिओच्या मेमरीला किल्ली काढली की करंटच मिळत नाही. चांगल्या कपलरमध्ये पिवळ्या आणि लालवर मधोमध सुटणारे गोल जोड याचसाठी दिलेले असतात. सोडवायचे आणि एकमेकांत अदलाबदल करून लावायचे. त्याने घरीच केलं. त्याहून नव्या गाड्यांत तर एसीसीची वेगळी वायरच नसते, किल्लीची खबर दोन वायरींच्या कॅन लाइनवरून, म्हणजे गाडीतली युनिट एकमेकांशी बोलतात त्या लाइनवरून जाते, आणि तिथे ती खबर वाचणारा योग्य डीकोडर बॉक्स नसेल तर स्टिरिओ गाडीला झोपूच देत नाही. लक्षण आमच्यासारखंच, बॅटरी उतरणं. पण तिथे वायरी छिलून बघून उपयोग नाही, गाडीच्या मॉडेलचा नेमका बॉक्सच लागतो.

आमच्या गाडीत एक खरखर मात्र शेवटपर्यंत राहिली होती. निळी वायर जोडल्यावर १०१ स्वच्छ लागायचं, पण मध्येच, विशेषतः लांबच्या प्रवासात, आवाज बिघडायचा. मी अर्थचे सगळे जोड परत मोजले, सगळे ठीक. मग लक्षात आलं की लांबच्या प्रवासात बाबा फोन चार्जिंगला लावतात. १२ व्होल्टच्या सॉकेटमधला तो स्वस्तातला चार्जर उपटला आणि आवाज मोकळा झाला. परत लावला, परत खरखर. दुसरा बरा चार्जर आणला, तेव्हापासून नाही. बॅटरी अजून तीच आहे. बाबा गावाला गेले की गाडी दोन-दोन आठवडे उभी असते, आल्यावर पहिल्या सेल्फला सुरू होते.